भीतीचे गेम का खेळावेसे वाटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या गेमिंग कॅफेत एका कोपऱ्यातल्या मशिनवर फक्त हॉरर गेम चालतात. त्या कोपऱ्यात बसणारी पोरं, त्यांना न्यायला येणारे आईवडील आणि क्रिकेट-फुटबॉल खेळता खेळता मागे वळून बघणारे बाकीचे, सगळेच काही ना काही विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मला हा प्रकार मनापासून आवडतो, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

झोम्बी मारायचे गेम आणि हे गेम एकच ना?

नाही. मारधाडीच्या गेममध्ये बंदूक तुमच्या हातात असते आणि घाबरायचं समोरच्यानं. सर्व्हायव्हल हॉररमध्ये दुबळे तुम्ही असता. गोळ्या मोजक्या, औषध एखादं, दिव्यात तेल थोडं. समोर जे काही आहे त्याच्याशी दोन हात करण्यापेक्षा त्याच्या नजरेला न पडणं शहाणपणाचं ठरतं. सर्व्हायव्हल हॉरर हे नाव रूढ झालं १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मुळे. पुढे १९९९ मध्ये 'सायलेंट हिल' आला, २००१ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, आणि भीतीनं राक्षस सोडून माणसाच्या मनात मुक्काम केला. समोर दिसतंय ते खरंच आहे, की या माणसाच्या मनातला अपराधच रूप घेऊन उभा राहिलाय, हे खेळणाऱ्याला कळेनासं झालं. सायकॉलॉजिकल म्हणतात ते याला.

हे सगळे मोठ्या जपानी कंपन्यांचे गेम. २०१० मध्ये फ्रिक्शनल गेम्स या स्वीडनमधल्या छोट्या स्टुडिओनं 'ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट' काढला. त्यात हत्यारच नाही. पळायचं, लपायचं, कंदील सांभाळायचा. त्यानंतर जगभरात दोन-दोन, तीन-तीन माणसांच्या गटांनी हा प्रकार उचलून धरला. या पानावरचं बहुतेक बोलणं अशाच छोट्या, म्हणजे इंडी गेमबद्दल आहे.

दादा, पैसे देऊन घाबरून घ्यायचं कशाला?

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालाय. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत आणि भयानक हा त्यातला एक, शृंगार, वीर, करुण यांच्याच पंगतीला बसलेला. म्हणजे भीती हीसुद्धा चाखायची गोष्ट आहे हे मान्यच होतं. हा रस कशानं निर्माण होतो ते सांगताना भरत विचित्र आवाज, कोल्ह्या-घुबडांचं ओरडणं, ओसाड घर, अरण्य अशी कारणं देतो. आजचा कुठलाही चांगला हॉरर गेम उघडा, यातलं निम्मं तरी सापडेल. आणि बीभत्स हा रस त्यानं वेगळा ठेवला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रक्ताचे सडे आणि तुटलेले हातपाय बघून किळस येते, ते बीभत्साचं काम. ओसाड वाड्याच्या उंबऱ्यावर पाय अडखळतो, ते भयानकाचं. ज्या गेमला हा फरक कळत नाही तो दहा मिनिटांत कंटाळवाणा होतो.

आता आजचा पुरावा. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हायले गावातल्या एका भीतीच्या जत्राघरात शिरणाऱ्या ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांना किती मजा आली तेही विचारलं. २०२० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं ते असं, की भीती वाढते तशी मजा काही अंतरापर्यंत वाढते आणि मग उतरायला लागते. फार कमी भीतीत कंटाळा, फार जास्त भीतीत त्रास, आणि मध्ये एक जागा, जिथे माणूस घाबरतोही आणि थांबतही नाही.

गेमची खरी ताकद इथे आहे. ती मधली जागा प्रत्येकाची वेगळी असते आणि गेममध्ये ती तुम्हाला स्वतःला शोधता येते. जास्त झालं तर पॉज करा, खोलीतला दिवा लावा, चहा घेऊन या. परत बसाल तेव्हा तो अंधार तिथेच असतो.

सिनेमा बघूनही घाबरता येतंच की. यात वेगळं काय?

यात दार तुम्ही उघडता.

सिनेमात कुणी तळघराकडे निघालं की आपण खुर्चीत बसून म्हणतो, "अगं, नको जाऊस." ती जाते. आपल्या सांगण्याचा संबंध नाही आणि आपला दोषही नाही. गेममध्ये तुम्ही थांबलात की गोष्ट थांबते. पुढे जायचं तर ठरवावं तुम्हालाच लागतं.

'ॲम्नेशिया'त ही गोष्ट हाताला जाणवते. त्यात दारासाठी नुसतं बटण दाबून भागत नाही. माउसची कळ दाबून धरायची आणि माउस ओढायचा. जितका ओढाल तितकंच दार उघडतं. बोटभर फट पाडून आत डोकावता येतं, झटका दिला तर धाडकन उघडतं. आमच्या कोपऱ्यात हे रोज बघायला मिळतं. पोरगं माउस असं धरतं जणू मुठीत कडीच आहे. माउस टेबलावर इंचभर सरकतो. खांदे कानाला टेकलेले. आतून काहीतरी खरडल्यासारखा आवाज येतो आणि ते दार पुन्हा लोटून घेतं. लोटून उपयोग नाही हे त्यालाही माहीत असतं, कारण पुढचा रस्ता त्याच खोलीतून जातो. एवढ्या वेळात पडद्यावर काहीही घडलेलं नसतं. राक्षस नाही, रक्त नाही, एक मोडकं दार आहे. तरी तळहात पँटला पुसावा लागतो.

त्याच गेममध्ये पाणी साचलेल्या तळघराचा एक भाग आहे. पाण्यात काहीतरी आहे, पण ते अदृश्य आहे. दिसतात ते फक्त उडणारे शिंतोडे. लाकडी खोक्यांवरून उड्या मारत जायचं, आणि पाण्यात पाय पडला की ती छपछप तुमच्या दिशेनं सुटते. जवळ मांसाचा तुकडा सापडला तर तो लांब फेकायचा, म्हणजे छपछप तिकडे वळते आणि तुम्हाला चार पावलं मिळतात. ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना विचारा काय आठवतं. बहुतेक जण याच राक्षसाचं नाव काढतात, ज्याला त्यांनी कधी पाहिलेलंच नाही.

'वातावरण' म्हणता ते तयार कसं होतं?

आधी आवाजातून. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली ती सांगलीत, तेव्हा इथल्या माणसाला विंगेतून येणाऱ्या आवाजाची ताकद वेगळी सांगायला नको. दिसणाऱ्या माणसापेक्षा न दिसणाऱ्या माणसाची पावलं जास्त घाबरवतात. चांगल्या हॉररमध्ये संगीत असं फारसं नसतंच. एक सलग घुमणारा सूर, लांब कुठेतरी धातूवर धातू घासल्याचा आवाज, वरच्या मजल्यावर काहीतरी सरकल्याचा. आणि मग शांतता. हा प्रकार स्पीकरवर खेळू नये. हेडफोन लावल्यावर आवाज डाव्या बाजूनं आला की उजव्या, मागून की वरून, हे कळतं आणि मान आपोआप वळते.

दुसरं, जे झाकलेलं आहे त्यातून. पहिल्या 'सायलेंट हिल'मधलं धुकं प्रसिद्ध आहे. त्या काळच्या प्लेस्टेशनला लांबवरचा रस्ता, घरं, झाडं एकदम दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून धुकं आणि अंधार यांनी ती मर्यादा झाकली. पण दहा पावलांपलीकडे काय आहे ते न दिसणं हेच त्या गावाचं वैशिष्ट्य झालं. आज यंत्रांना सगळं झेपतं, तरी इंडी गेम करणारे धुकं मुद्दाम घालतात.

तिसरं, वेळातून. हे समजायला 'डार्कवूड'ची एक रात्र घ्या. पोलंडमधल्या ॲसिड विझार्ड या तिघांच्या स्टुडिओनं २०१७ मध्ये तो पूर्ण केला. त्यात सगळं वरून दिसतं, नकाशा बघावा तसं. या कोनातून कोण घाबरणार असं वाटेल. पण तुमचा माणूस ज्या दिशेला तोंड करून उभा आहे तेवढाच पट्टा उघडा असतो, पाठीमागून कोण येतंय ते दिसत नाही. दिवसा जंगलात हिंडून फळ्या, खिळे, पेट्रोल जमवायचं. अंधार पडायच्या आत घर गाठायचं. खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, कपाट ढकलून दाराला लावायचं, जनरेटर चालू करायचा आणि कोपऱ्यात उभं राहायचं. पहाटेपर्यंत काम तेवढंच. बाहेर फांदी मोडते. शेजारच्या खोलीत फळी करकरते. दारावर थाप पडते आणि पुन्हा पडत नाही. एखाद्या रात्री तर कुणीच येत नाही, आणि ती रात्र सगळ्यात अवघड जाते, कारण प्रत्येक करकरीचा अर्थ तुम्हीच लावत बसता. पेट्रोल कमी भरलं असेल तर मध्येच दिवा जातो.

घाई करणाऱ्या गेमला हे जमत नाही. पुढची घटना कधी घडवायची एवढंच त्याला माहीत असतं. भीती घटनेच्या आधीच्या रिकाम्या वेळात वाढते आणि तो वेळ खेळणाऱ्याला द्यायची हिंमत लागते.

काड्या, तेल, गोळ्या मोजत बसण्यात कसली मजा?

कमतरता असली की प्रत्येक निर्णयाला वजन येतं. 'ॲम्नेशिया'त अंधारात जास्त वेळ राहिलं की तुमच्या पात्राचं मन ढासळतं, नजर डळमळते. कंदील लावला तर मन सावरतं, पण तेल जळतं आणि लपलेले तुम्ही उघडे पडता. राक्षसाकडे टक लावून बघितलं तरी मन ढासळतं, म्हणजे ज्याच्यापासून जपायचं त्याच्याकडे बघायचीही सोय नाही. 'सिग्नॅलिस'मध्ये एका वेळी फक्त ६ वस्तू जवळ ठेवता येतात. बंदूक, गोळ्या, औषध घेतलं की किल्ली ठेवायला जागा उरत नाही. मग काय मागे ठेवायचं? दर फेरीला हा प्रश्न.

सांगलीकरांना आकडा बघून पोटात गोळा येणं म्हणजे काय ते माहीत आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथे शाळकरी पोरंही सांगतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा लाईट गेलेल्या घरांत लोक मोबाईलची बॅटरी जपून तेवढा एक आकडा बघत होते. त्या भीतीत मजा नव्हती आणि मी तिची बरोबरी खेळाशी करत नाही. पण हळूहळू चढणारा किंवा उतरणारा आकडा माणसाचं काय करतो हे त्यातून कळतं. गेममध्ये तो आकडा तुमच्या निर्णयानं हलतो. पुराचा हलत नव्हता. मला वाटतं, ज्यांनी खऱ्या संकटात हतबल होऊन वाट पाहिली आहे त्यांना या गेममधली ही गोष्ट सगळ्यात जास्त भिडते. इथे निदान तेल कुठे खर्चायचं ते आपल्या हातात असतं.

एवढे मोठे गेम सोडून इंडीच का?

कोट्यवधी खर्चून केलेल्या गेमला सगळ्यांना खूश ठेवावं लागतं. कुठे जायचं त्याचा बाण दाखवायचा, अडकलं की सुचवायचं, दर पाच मिनिटांनी काहीतरी घडवायचं. यात एकटेपण उरत नाही. दोघातिघांच्या स्टुडिओला ही बंधनं नसतात.

'वर्ल्ड ऑफ हॉरर' पोलंडमधल्या पावेव कोझमिन्स्की या डेंटिस्टनं केला. त्यातली काळी-पांढरी चित्रं एमएस पेंटमध्ये काढलेली आहेत, तेच पेंट ज्यात आपण शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये घर आणि सूर्य काढायचो. २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला हा गेम बघा आणि मग साधनं नाहीत म्हणून काही करता येत नाही असं म्हणा. 'सिग्नॅलिस' जर्मनीतल्या रोझ-इंजिन या दोघांच्या गटाचा, २०२२ चा.

'आयर्न लंग' २०२२ मध्ये डेव्हिड शिमान्स्की या एका माणसानं केला. रक्ताच्या समुद्राच्या तळाशी एका गंजक्या पाणबुडीत तुम्हाला कोंडून पाठवलंय. दार बाहेरून जोडून टाकलेलं, खिडकी बंद. बाहेरचं काही दिसत नाही. हातात एक नकाशा, दिशा आणि जागा सांगणारे आकडे, आणि बाहेरचा एक फोटो काढायचं बटण. आकड्यांवरून अंदाज घेत पाणबुडी पुढे न्यायची, काहीतरी जवळ आलं की यंत्र टिकटिकतं, आणि ते काय आहे ते बघायचं तर फोटो काढायचा. फोटो उमटायला क्षणभर लागतो. सगळा खेळ जेमतेम तासाभराचा आणि जागा एका मोरीएवढी. मोठ्या कंपनीनं याला मंजुरी दिली असती असं मला वाटत नाही.

आणि या लोकांची वागणूक बघा. २०१७ मध्ये 'डार्कवूड' बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत त्या तिघांनी स्वतःच तो टॉरंटवर फुकट टाकला, ज्यांना परवडत नाही त्यांनाही खेळता यावा म्हणून. आवडला तर पुढे कधीतरी विकत घ्या, एवढंच म्हणणं. अशा माणसांच्या गेमला सेलची वाट न बघता पूर्ण पैसे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मध्येच किंचाळून अंगावर येणारं असतं का काही?

जंपस्केअर काही गेममध्ये असतो, काहींत जवळजवळ नसतो. दचकवणं सोपं आहे, फुगा फोडूनही माणूस दचकतो. ज्यांना ते सहन होत नाही त्यांनी 'डार्कवूड' किंवा 'सोमा'सारखे गेम निवडावेत.

ग्राफिक्स इतके जुनाट का?

काही वेळा पैसे नसतात म्हणून, बहुतेक वेळा मुद्दाम. 'फेथ: द अनहोली ट्रिनिटी' २०२२ मध्ये पूर्ण झाला आणि दिसतो ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरवरच्या गेमसारखा. मोजके रंग, चार ठिपक्यांचा माणूस. चेहरा नसलेल्या त्या आकृतीला चेहरा तुम्ही देता. दिवाळी अंकातली भयकथा वाचताना चित्र आपल्याच डोक्यात तयार व्हायचं, तेच इथे होतं.

शेवट झाला तरी गोष्ट कळत नाही. चुकलं का माझं काही?

नाही. यातले बरेच गेम उत्तर देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. 'सिग्नॅलिस' संपल्यावरही कोण खरं, कुठली आठवण कुणाची, यावर पोरं वाद घालत बसतात. शेवटही एकच नाही, तुम्ही कसे खेळलात त्यावर तो बदलतो.

'सोमा'चं थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या प्रकारातला तो सर्वांत खोल गेम आहे. 'ॲम्नेशिया'वाल्याच फ्रिक्शनलचा, २०१५ चा. समुद्राच्या तळाशी एक पडझड झालेलं केंद्र, आत यंत्रं, आणि त्यातली काही यंत्रं स्वतःला माणूस समजतात. तुमच्या मेंदूची हुबेहूब नक्कल यंत्रात उतरवली तर तो तुम्हीच का? आणि मूळ तुम्ही मागे राहिलात, त्याचं काय? राक्षस आहेत, पण ते बाजूचे. २०१७ मध्ये त्यांनी सेफ मोड आणला, त्यात राक्षस तुम्हाला मारत नाहीत. त्या मोडमध्ये खेळून बघा. भीती तसूभर कमी होत नाही, कारण ती राक्षसाची कधी नव्हतीच.

आमचा मुलगा हेच खेळतो. डोक्यावर परिणाम होईल का?

आईवडिलांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. हे गेम लहान मुलांसाठी नाहीत. 'माउथवॉशिंग'सारख्या २०२४ च्या गेममध्ये लैंगिक अत्याचार आणि आत्महत्येचे संदर्भ आहेत आणि ते मोठ्यांनाही जड जातात. स्टोअरच्या पानावर वयाची सूचना आणि विषयाचा इशारा दिलेला असतो, तो आधी वाचा. आमच्याकडे अठराच्या आतल्यांना पालकांशी बोलल्याशिवाय त्या कोपऱ्यात बसवत नाही, त्यावरून कितीही रुसवेफुगवे झाले तरी.

मोठ्या मुलांच्या बाबतीत माझी विनंती अशी की गेम हिसकावून घेण्याआधी एकदा शेजारी खुर्ची घेऊन बसा. काय चाललंय ते त्याला विचारा. हे गेम चालू असताना पोरं जितकी मोकळेपणानं बोलतात तितकी एरवी बोलत नाहीत. कशाची भीती वाटते हे सांगायला त्यांना एक निमित्त मिळतं.

ज्यांना मुळातच घबराटीचे झटके येतात, झोपेचा त्रास आहे किंवा नुकतंच घरात काही वाईट घडलंय, त्यांनी हे गेम सध्या बाजूला ठेवावेत. चमकणाऱ्या प्रकाशानं फीट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. मन फार अस्वस्थ असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. त्यासाठी गेमचं निमित्तही लागत नाही.

यानं अंधश्रद्धा वाढत नाही का?

साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी ज्या भागात आयुष्यभर काम केलं तिथे हा प्रश्न गंभीरपणेच घ्यायला हवा. राज्यात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तो माणसांना फसवणाऱ्या आणि छळणाऱ्या अघोरी प्रथांविरुद्ध. गेम तुम्हाला भूत खरं असल्याचं सांगून गंडा बांधत नाही, की नारळ-लिंबासाठी पैसे मागत नाही. खेळणाऱ्याला पहिल्या क्षणापासून माहीत असतं की हे रचलेलं आहे.

आणि सायकॉलॉजिकल हॉरर बहुतेक वेळा उलट दिशेनं जातो. भुतासारखं दिसणारं काहीतरी शेवटी कुणाचा तरी अपराध, कुणाचं दडपलेलं दुःख, कुणाचा आजार निघतो. बाधा झाली म्हणून ज्याला लोक बाजूला टाकतात त्या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल, हे त्याच्या जागी उभं राहून बघायला मिळतं. माझ्या मते ही विवेकाच्या बाजूची गोष्ट आहे.

आपल्या भागातला असा गेम का नाही?

या प्रश्नानं मी उत्साहात येतो. आधी इतरांनी काय केलं ते बघा. तैवानच्या रेड कँडल गेम्सनं २०१७ मध्ये 'डिटेन्शन' काढला. काळ १९६० च्या दशकातला, लष्करी कायद्याचा. पावसानं वेढलेली डोंगरातली एक शाळा, तैवानी आणि चिनी लोककथांमधली भुतं, आणि खाली दडलेली गोष्ट मात्र सरकारी दहशतीची, एका विश्वासघाताची. भुतं जवळ आली की श्वास रोखून उभं राहायचं. आपल्या लोकांच्या जखमेवर त्यांनी इतक्या जपून बोट ठेवलंय की तैवानबद्दल काही माहीत नसणारा सांगलीचा पोरगाही खेळून झाल्यावर तो इतिहास शोधत बसतो. इंडोनेशियातल्या बांडुंगच्या डिजिटल हॅपिनेसनं २०१४ मध्ये 'ड्रेडआउट' केला, त्यात शाळकरी मुलगी मोबाईलच्या कॅमेऱ्यानं तिथल्याच लोककथांमधल्या भुतांना तोंड देते.

आता आपल्याकडे बघा. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खणलेली, तोंड लहान, आत पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कारण आतली कोंडलेली हवा जीव घेऊ शकते. तोंड उघडं टाकून थांबायचं, कंदील खाली सोडून बघायचा, विझला तर पुन्हा थांबायचं. २००५ च्या पुरात त्यातली कित्येक खराब झाली. अंधार, कंदील, मोजकी हवा, एका वेळी एकच माणूस: सर्व्हायव्हल हॉररचे सगळे नियम त्यात आयते आहेत आणि एकही नियम बाहेरून आणायला नको.

शिराळ्याच्या बाजूला चांदोलीचं जंगल आहे, जिथून गावं उठवली गेली. पलीकडे सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागराखाली गेलेली गावं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण. यावर गेम करायचा तर 'डिटेन्शन'वाल्यांसारखं जपून करावं लागेल, ज्यांची घरं गेली त्यांच्याशी आधी बोलावं लागेल. नुसतं ओसाड गाव दाखवून घाबरवणं हलकं ठरेल.

साधनांची अडचण नाही. गोडो हे गेम बनवायचं इंजिन पूर्ण फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आवाजासाठी मोबाईलचा रेकॉर्डर पुरतो: रहाटाची करकर, पत्र्यावरचा पाऊस, रात्री दूर चालू असलेली ऊसतोड. आणि संवाद मराठीत ठेवा, इथल्या बोलीत. ज्यांना करायचंय त्यांना आमच्याकडचं एक मशीन दुपारच्या वेळी मोकळं देतो.

साध्या कॉम्प्युटरवर चालतात का? महाग असतात का?

'फेथ', 'वर्ल्ड ऑफ हॉरर', 'आयर्न लंग', 'डिटेन्शन' यांना भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. 'सोमा'ला बऱ्यापैकी मशीन हवं. मोठ्या गेमच्या मानानं किंमत बरीच कमी असते, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर यूपीआयनं पैसे भरता येतात, आणि खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. मात्र 'आयर्न लंग' तासाभरात पूर्ण खेळून पैसे परत मागणं बरं नव्हे. 'क्राय ऑफ फिअर' स्टीमवर फुकट आहे, पण तो बराच हिंसक आहे.

मग सुरुवात कुठून करू?

हॉररची अजिबात सवय नसेल तर 'डिटेन्शन'. छोटा आहे, गोष्ट धरून ठेवते, हात फार चालवावे लागत नाहीत. वाचायची आवड असेल आणि डोक्याला खाद्य हवं असेल तर 'सोमा' सेफ मोडमध्ये. एकाच बैठकीत काहीतरी पूर्ण करायचं असेल तर 'आयर्न लंग'. कोडी आवडत असतील तर 'सिग्नॅलिस', पण कागद-पेन जवळ ठेवा, आकडे आणि खुणा लिहून ठेवाव्या लागतात. 'डार्कवूड' सगळ्यात शेवटी, कारण तो अवघड आहे आणि काहीही समजावून सांगत नाही. पहिल्या दोन रात्री वाईट जातील हे गृहीत धरा.

पहिल्यांदा एकट्यानं खेळायला जमत नसेल तर मित्राला शेजारी बसवा, पण माउस एकाच्याच हातात असू द्या. कॅफेत यायचं असेल तर उशिरा या. संध्याकाळी फुटबॉलवाल्यांचा गलका असतो आणि त्यात पावलं ऐकू येत नाहीत.